घटस्फोटात शामरावनगरच्या घराची किंमत कशी ठरली

सांगलीतल्या एका जोडप्याच्या घटस्फोटात घराचं मूल्यांकन माझ्याकडे आलं. मी सिव्हिल इंजिनिअर आणि नोंदणीकृत मूल्यांकनकार आहे. बँकांसाठी आणि वाटणीसाठी घरांच्या किमती काढणं हे माझं रोजचं काम. हे प्रकरण लिहायला घेतलं, कारण घटस्फोटातल्या घरावरून जितक्या गोष्टींचा घोळ होऊ शकतो तितक्या सगळ्या यात होत्या आणि त्या एकेक करून सुटल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे जवळच्या पूर्ण रकमेला आणले आहेत. हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी आहे.

पती खासगी कॉलेजात शिकवतात, पत्नी मिरजेच्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहेत. वकिलांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना सर आणि सिस्टर म्हणत, म्हणून इथंही तेच. मार्च २०२१ मध्ये सिस्टर नववीतल्या मुलीला घेऊन मिरजेत भाड्याच्या घरात राहायला गेल्या. सर शामरावनगरच्या बंगल्यात राहिले. तीन वर्षांनी दोघांनी परस्पर संमतीनं वेगळं व्हायचं ठरवलं. मुलीचा ताबा, शिक्षणाचा खर्च, पोटगी, सगळं दोन बैठकांत मिटलं. अडलं ते घरापाशी.

सिस्टरांच्या हातात इस्टेट एजंटानं दिलेला आकडा होता: ८५ लाख. सरांनी रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारी दरतक्त्यावरून काढलेला आकडा होता: ४१ लाख. विजयनगरला न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात हे दोन कागद समोरासमोर आले आणि बोलणी तिथंच थांबली. प्रत्येकाला वाटलं, दुसरा आपल्याला लुबाडतोय. मध्यस्थांनी एक चांगली गोष्ट केली. दोघांना दोन वेगळे मूल्यांकनकार नेमू दिले नाहीत. दोघांच्या सहीनं एकच नेमला आणि फी निम्मी-निम्मी. मी अशा कामात हीच अट घालतो. एकाच बाजूच्या पैशावर केलेला अहवाल कितीही प्रामाणिक असला तरी दुसरी बाजू तो मानत नाही, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

आधी हक्काचं बघू

किंमत काढण्याआधी मी नेहमी विचारतो की घर कुणाच्या नावावर आहे. बऱ्याच बायकांना वाटतं, लग्न मोडलं की नवऱ्याच्या घरातलं अर्धं आपोआप आपलं. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात असं काही नाही. पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत हिस्सा द्यावा अशी तरतूद असलेलं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण पुढं लोकसभेत ते बारगळलं. गोव्यात लग्नानंतरच्या मिळकतीची पद्धत वेगळी आहे, ती इथं लागू होत नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या वेळी दोघांना मिळालेल्या वस्तूंबद्दल बोलतं. नंतर घेतलेलं घर त्यात सरळ बसत नाही. म्हणजे आपल्याकडे घराचं वाटप मालकी हक्कावर चालतं. पोटगी हा वेगळा विषय, तो कलम २५ खाली येतो.

इथं सुदैवानं २००८ चं खरेदीखत दोघांच्या नावावर होतं. हिस्सा किती, ते खतात लिहिलेलं नव्हतं. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ उपयोगी पडतं: कुणी किती पैसे घातले याचा पुरावा असेल तर त्या प्रमाणात हिस्सा, पुरावा नसेल तर समान. हे वाक्य वाचलं की हा सगळा हिशेब पावत्यांवर का गेला ते कळतं.

प्लॉट दोन गुंठ्यांचा, म्हणजे २,१७८ चौरस फूट. जुनी गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेला प्लॉट. तिचा नियमितीकरणाचा दाखला आधीच घेतलेला होता, म्हणूनच बँकेनं २०१० मध्ये तळमजल्यासाठी कर्ज दिलं. तळमजला १,१५० चौरस फूट. २०१६ मध्ये वर ७५० चौरस फुटांचा मजला चढवला, पण त्याची परवानगी घेतली नाही. सांगलीत हे इतकं सर्रास चालतं की लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. किंमत काढायला बसलं की मात्र तो मजला आडवा येतो.

घर बघताना

मी जूनच्या सुरुवातीला घर बघायला गेलो. दोघांनाही बोलावलं होतं. सिस्टर येणार नव्हत्या, मी आग्रह धरला. ज्या घरात माणूस दहा-बारा वर्षं राहिलं, त्या घराबद्दल त्याला जे माहीत असतं ते कागदावर कधीच नसतं.

शामरावनगर सखल आहे आणि जमीन काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घराचा पाया तिच्यासोबत हलतो. या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग जोत्यापर्यंत गेली होती. सरांनी ती भरून वर रंग दिला होता. भेग वाढते का ते बघायची काचपट्टी मी तिच्यावर लावण्यापूर्वीच सिस्टर म्हणाल्या, "ही बारा सालापासूनची आहे. उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. वाढत नाही." त्यांचं बरोबर निघालं. भेग जुनी होती, कडा गुळगुळीत झाल्या होत्या. तिच्यासाठी मी पायाच्या दुरुस्तीचा मोठा खर्च धरला नाही, फक्त भरण्याचा धरला. त्या आल्या नसत्या तर मी सावधगिरी म्हणून लाखभर जास्तच वजा केले असते.

पुराचं पाणी या घरात दोनदा आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५४ फुटांच्या आसपास पोचलं. हॉलच्या भिंती पुट्टी लावून स्वच्छ केल्या होत्या, काही दिसत नव्हतं. मी जिन्याखालचा मीटरचा बॉक्स उघडला. आतल्या पत्र्यावर, जमिनीपासून छातीच्या उंचीवर, गाळाची तपकिरी रेघ तशीच होती आणि तिच्या बरीच खाली, जिन्याखालच्या भिंतीवर, दुसरी, फिकट. वरची २०१९ ची, खालची २०२१ ची. त्या रेघेच्या पातळीखाली हॉलची भिंत बोटांनी वाजवत गेलो तर तीन ठिकाणी गिलावा पोकळ वाजला. मागच्या बेडरूमला लोणा (ओलीनं भिंतीवर येणारा क्षार) धरला होता, रंगाचे पोपडे हाताला लागत होते. वायरिंग बदललेलं होतं, दारांच्या चौकटी मात्र जुन्याच, खालून फुगलेल्या. हे सगळं दुरुस्त करायला १ लाख ६० हजार लागतील असा अंदाज मी मांडला, खोलीवार आणि मोजमाप घेऊन.

८५ आणि ४१, दोन्ही चुकीचे का

एजंटाचा हिशेब मी मागून घेतला. जमीन २,६०० रुपये फुटानं, त्याचे साडेछप्पन्न लाख. बांधकाम १,९०० फूट गुणिले १,५००, त्याचे साडेअठ्ठावीस. बेरीज ८५. जमिनीचा दर त्यानं विश्रामबागच्या बाजूचा लावला होता, जिथं २०१९ मध्येही पाणी आलं नाही. दोन्हीकडं सांगलीचाच पत्ता लागतो, पण भाव एक नाही. शिवाय बांधकामाला नव्याचा दर, वयाची वजावट शून्य. आणि मुळात तो मागायचा आकडा होता, मिळायचा नव्हता. एजंटानं फसवलं असं मी म्हणत नाही. घर विकायला लावायचं असतं तेव्हा माणूस वरचाच आकडा सांगतो.

सरांचा आकडा सरकारी होता म्हणून त्यांना तो खरा वाटत होता. रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी आहे. एका विभागातल्या सगळ्या प्लॉटना एकच दर, मग कोपऱ्यावरचा असो की बोळातला, पाण्यातला असो की उंचावरचा. दर साधारणपणे एप्रिलमध्ये बदलतात. एप्रिल २०२२ ला वाढवल्यानंतर पुढची दोन वर्षं शासनानं ते जसेच्या तसे ठेवले होते. म्हणजे जून २०२४ मध्ये सरांच्या हातातला दर दोन वर्षं जुना होता. रेकनरचा या प्रकरणात खरा उपयोग झाला तो शेवटी, मुद्रांक भरताना.

मी जमिनीसाठी त्याच भागातले नोंदलेले व्यवहार शोधले. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघता येते, कुणीही बघू शकतं. अडचण सगळ्यांना माहीत आहे: खतात लिहिलेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम यात बऱ्याचदा फरक असतो. यावर माझी एक चाळणी आहे. खरेदीदारानं बँकेचं मोठं कर्ज काढलेलं असेल असेच व्यवहार घ्यायचे. कर्ज जास्त हवं असतं तेव्हा माणूस खतात किंमत दडवत नाही. असे तीन सापडले, तिन्ही २०२१ च्या पुरानंतरचे, तिन्ही त्याच पट्ट्यातले. रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार, व्यवहाराची तारीख यांची कमी-जास्त करून दर निघाला फुटाला १,६५०. जमिनीचे झाले ३५ लाख ९४ हजार.

तळमजला आज नव्यानं बांधायला १,७०० रुपये फूट, म्हणजे १९ लाख ५५ हजार. इमारतीचं आयुष्य ६० वर्षं, शेवटी दहा टक्के भंगारमूल्य, वय १४ वर्षं. घसारा २१ टक्के. उरले १५ लाख ४४ हजार. वरच्या मजल्याला पाया नाही म्हणून दर १,५००, त्याचे सव्वाअकरा लाख. वय आठ, घसारा १२ टक्के, उरले ९ लाख ९० हजार. कंपाउंड, गेट, बोअर, टाकी मिळून दीड लाख. यातून दुरुस्तीचे १ लाख ६० हजार गेले आणि वरचा मजला नियमित करून घ्यायला लागणारे अंदाजे १ लाख २० हजार गेले. राहिले ६० लाख.

अहवाल वाचून सरांचा फोन आला. "साहेब, पुरातलं घर कोण घेतंय? जमिनीत पंधरा टक्के तरी कमी करायला पाहिजे होते." पंधरा टक्के म्हणजे पाच लाखांच्या वर. त्यांची शंका प्रामाणिक होती, म्हणून मी त्यांना ऑफिसात बोलावून तिन्ही व्यवहार दाखवले. ज्यांनी ते प्लॉट घेतले त्यांनी दोन पूर बघून मगच घेतले. पुराची भीती त्या १,६५० मध्ये आधीच आहे. ती नसती तर दर २,६०० कडं सरकला असता, जसा पलीकडं आहे. तीच भीती पुन्हा वजा केली तर एका पुराचा भुर्दंड सिस्टरांवर दोनदा पडतो. घराची दुरुस्ती वेगळी वजा केली, कारण मोकळ्या प्लॉटच्या दरात या घराचा पोकळ गिलावा येत नाही. हा फरक सांगलीत फार जपायला हवा. पूररेषेतल्या मिळकतींच्या अहवालात ही दुहेरी वजावट मला वारंवार दिसते, आणि ती नेहमी घर सोडून जाणाऱ्याच्याच खिशातून जाते.

पंधरवड्यानं सर पुन्हा आले, या वेळी बँकेचा कागद घेऊन. बँकेच्या पॅनेलवरच्या मूल्यांकनकारानं घराचे ५२ लाख धरले होते. "आता बोला." मी तो अहवाल वाचला. त्यांनी वरचा मजला धरलाच नव्हता, मंजूर नकाशात नसलेलं बांधकाम बँक तारणात मोजत नाही. माझ्या हिशेबातून वरचा मजला काढला तर आकडा जवळपास तिथंच येतो. दोन्ही अहवाल बरोबर होते. बँकेला उद्या कर्ज बुडालं तर काय हातात येईल हे हवं होतं. या दोघांना, आज एकजण घर ठेवणार आणि दुसरा सोडणार तर सोडणाऱ्याचं काय जातं हे हवं होतं. वरच्या मजल्यावर सर राहतात, पंखे फिरतात, तिथं भाडेकरू ठेवता येतो. परवानगी नाही म्हणून त्याची किंमत शून्य धरणं सिस्टरांवर अन्याय झाला असता.

कोणत्या तारखेची किंमत

सरांच्या वकिलांनी मुद्दा काढला की सिस्टर मार्च २०२१ मध्ये गेल्या, तर किंमत त्याच दिवसाची धरावी. त्यानंतरचे हप्ते सरांनी भरले, २०२१ च्या पुरानंतरची डागडुजी सरांनी केली, मग वाढलेल्या भावात सिस्टरांना वाटा कशाला? ऐकायला पटणारं आहे. पण जमिनीचा भाव हप्ते भरल्यानं वाढत नाही. तो त्या भागाचा वाढला, आणि सिस्टर खरेदीखतावर त्या पूर्ण काळ मालक होत्याच. कायदा इथं ठराविक तारीख लादत नाही, तडजोडीत दोघं ठरवतील ती. मी सुचवलं ते मध्यस्थांना पटलं: किंमत आजची धरा आणि सरांनी एकट्यानं जे भरलं ते त्यांना वेगळं जमा द्या. त्या काळात मुद्दल ३ लाख २० हजार फिटलं होतं आणि डागडुजीच्या १ लाख ८० हजारांच्या पावत्या होत्या. दोन्ही सरांच्या नावे जमा. कर्ज शिल्लक ९ लाख ४० हजार, ते ६० मधून गेलं. वाटायला राहिले ५० लाख ६० हजार.

सासऱ्यांचे आठ लाख आणि सिस्टरांचं सोनं

सगळ्यात जास्त आवाज चढले ते इथं. २०१६ मध्ये सरांच्या वडिलांनी गावाकडची थोडी जमीन विकून आठ लाख सरांच्या खात्यात टाकले होते. सरांचं म्हणणं, वरचा मजला पूर्ण बाबांचा, म्हणजे माझा. सिस्टरांचं म्हणणं, मामंजींनी ते सगळ्यांसाठी दिले, त्या वेळी कुणी "तुझं-माझं" म्हटलं नव्हतं. दोघंही खरं बोलत होते असं मला वाटतं. घर उभं राहताना कुणी लिहून घेत नाही.

पुढच्या बैठकीला सिस्टर एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन आल्या. सिमेंट, फरशी, खिडक्यांचं ॲल्युमिनियम, प्लंबर, सगळ्याच्या पावत्या तारखेनं लावलेल्या. त्यांच्या पगाराच्या खात्यातून २०१६ मध्ये मजल्यावर ३ लाख ३० हजार गेले होते, प्रत्येक रक्कम पासबुकाशी जुळत होती. म्हणजे मजल्याचा खर्च ११ लाख ३० हजार, त्यातले आठ सासऱ्यांचे, बाकी सिस्टरांचे. मजल्याची आजची किंमत, नियमितीकरणाचा खर्च वजा जाता, ८ लाख ७० हजार. त्याच प्रमाणात वाटले तर सरांकडं ६ लाख २० हजार, सिस्टरांकडं अडीच लाख. फाइल उघडल्यावर वाद दहा मिनिटांत संपला. सर काही वेळ पावत्या उलटत बसले आणि म्हणाले, "हे तिनंच भरले होते. मला आठवतंय."

सोन्याचं तसंच. २००८ मध्ये प्लॉट ६ लाख ४० हजारांना घेताना सिस्टरांच्या माहेरचे दहा तोळ्यांचे दागिने मोडून १ लाख २० हजार घातले होते, सराफाची पावती होती. स्त्रीधन पूर्णपणे स्त्रीचं, नवऱ्याकडं दिलं तरी ते तिचंच राहतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. सिस्टरांच्या वकिलांनी मागणी केली की दहा तोळ्यांचे २०२४ च्या भावानं पैसे द्या, त्याचे होत होते सुमारे ७ लाख २० हजार, आणि वर घरात अर्धा वाटा. मी इतकंच म्हटलं की सोनं जमिनीत गेलं, तर वाढ एकतर सोन्याची घ्या किंवा जमिनीची. दोन्ही घेता येत नाहीत. प्लॉटच्या खरेदीत सोन्याचा वाटा पावणेएकोणीस टक्के. आजच्या जमिनीच्या किमतीत तो होतो सुमारे ६ लाख ७० हजार. सोन्याच्या भावानं काढला असता त्यापेक्षा पन्नास हजारच कमी. सिस्टरांनी जमिनीचा हिशेब मान्य केला.

आता सरांची वेगळी जमा ११ लाख २० हजार, सिस्टरांची ९ लाख २० हजार. ५० लाख ६० हजारांतून दोन्ही काढले की ३० लाख २० हजार उरतात, निम्मे केले तर १५ लाख १० हजार. सिस्टरांचे एकूण झाले २४ लाख ३० हजार. सरांकडं घर, त्यावरचं कर्ज आणि २६ लाख ३० हजारांचा हिस्सा.

पोटगी आणि मुलीचा खर्च या आकड्यात मिसळू दिला नाही. "घर तिला कमी दे, पोटगी जास्त लाव" अशी सूचना एकदा आली होती. मध्यस्थांनी ती लगेच फेटाळली. मुलीचा खर्च तिचं वय वाढेल तसा बदलणार. त्याला घराच्या किमतीत बांधून टाकलं तर पुढं तो हलवता येत नाही.

पैसे आणि कागद

आकडा ठरला तरी तो द्यायचा कुठून? सरांनी दुसऱ्या बँकेतून नवीन कर्ज घेतलं, जुनं फेडून वरचे पैसे सिस्टरांना द्यायला. मिळून सुमारे ३४ लाख, निवृत्तीपर्यंत १३ वर्षं. नऊ टक्क्यांनी हप्ता साधारण ३७ हजार बसतो. बँकेच्या ५२ लाखांच्या ८० टक्क्यांत कर्ज बसत होतं, प्रश्न फक्त पगारातून हप्ता झेपण्याचा होता. त्यांनी तो झेपेल असं ठरवलं. झेपला नसता तर घर विकणं हाच मार्ग होता, आणि ते मी दोघांनाही आधीच सांगितलं होतं.

सिस्टरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: सहकर्जदार म्हणून तुमचं नाव जुन्या कर्जातून सुटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय हक्क सोडू नका. घर गेलं आणि कर्जात नाव राहिलं, तर उद्या सरांचा हप्ता थकल्यावर बँक सिस्टरांच्या पगारावर येते. तडजोडपत्रात क्रम तसाच लिहिला गेला. पहिल्या अर्जाच्या दिवशी दहा लाखांचा डीडी, बँकेचं पत्र, मग दुसऱ्या तारखेला उरलेली रक्कम आणि त्याच दिवशी हक्कसोडपत्रावर सही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब मधली, संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर न्यायालय माफ करू शकतं. तीन वर्षं वेगळे राहिलेले आणि सगळं मिटलेले हे दोघं त्यात बसत होते, ती माफ झाली.

मुद्रांकाचा खर्च मात्र कुणी मोजलेला नव्हता. लोकांना वाटतं, नवरा-बायकोत हक्कसोडपत्र म्हणजे नाममात्र मुद्रांक. तशी सवलत वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला आहे. ही विकत घेतलेली मिळकत, म्हणून सोडलेल्या हिश्श्यावर खरेदीखताच्या दरानं शुल्क लागतं, महापालिका हद्दीत साधारण सहा टक्के. बक्षीसपत्र करा, पती-पत्नीत राहत्या घराला नाममात्र मुद्रांक आहे, असं कुणीतरी सुचवलं. पण बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं. चोवीस लाख घेऊन केलेलं बक्षीसपत्र पुढं दोघांच्याही अंगलट आलं असतं. सरांनी पूर्ण शुल्क भरलं, जवळपास दीड लाख.

सिस्टरांच्या बाजूनं कर होता. जुलै २०२४ च्या बदलानंतर आधी घेतलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के महागाई निर्देशांकाशिवाय किंवा २० टक्के निर्देशांकासह, यातलं जे कमी बसेल ते निवडता येतं. त्यांनी मिरजेत दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं, त्यामुळे आयकर कायद्याच्या कलम ५४ ची सूट मिळाली. हे त्यांच्या सी.ए. नी बघितलं. माझं काम खरेदीचे जुने कागद आणि बांधकामाच्या पावत्या त्यांना जुळवून देण्यापुरतं होतं.

एक मुद्दा माझ्या मते अर्धवट राहिला

तीन वर्षांहून जास्त काळ सर एकटे त्या घरात राहिले. सिस्टर अर्ध्या मालक असून भाडं भरत होत्या. त्यांनी घरभाड्याचा अर्धा हिस्सा मागितला. सरांनी उलट व्याजाचा अर्धा मागितला. मध्यस्थांनी दोन्ही एकमेकांत वळते केले आणि पुढं गेले. मी घरी बसून हिशेब केला. त्या घराला महिन्याला दहा हजार भाडं सहज येतं. ३९ महिन्यांचं अर्धं म्हणजे १ लाख ९५ हजार. त्याच काळातलं व्याज सुमारे तीन लाख, त्याचं अर्धं दीड लाख. म्हणजे सिस्टरांचे पंचेचाळीस हजार बाकी राहत होते. मी तो कागद पुढच्या बैठकीत ठेवला. सर सुरुवातीला नाराज झाले, मग २४ लाख ३० हजारांचे साडेचोवीस करायला तयार झाले. वीस हजार वाढले, पंचवीस राहिले. सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या साहेब." मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. घर सोडून जाणारी व्यक्ती, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा ती बाईच असते, दुसरीकडं जे भाडं भरते ते कुणाच्याच ताळेबंदात येत नाही. व्याज आणि भाडं यांचा हिशेब बैठकीच्या पहिल्या दिवशी मांडला असता तर पूर्ण रक्कम मिळाली असती, असं मला वाटतं.

आता वाटणीच्या मूल्यांकनाच्या प्रत्येक अहवालात मी शेवटी एक परिशिष्ट जोडतो: वेगळं झाल्याच्या तारखेपासून आजपर्यंत घराचं वाजवी भाडं महिन्याला किती. कुणी मागो न मागो. शामरावनगरच्या घराच्या सातबाऱ्यावरून सिस्टरांचं नाव कमी करण्याचा फेरफार मंजूर झाला आहे, आणि सरांनी वरच्या मजल्याच्या नियमितीकरणाचा अर्ज महापालिकेत दिला आहे. त्याचा नकाशा मीच काढून दिला.